तन्मणीचं खोड आणि एकटी राहिलेली कुडी : न मोडता पेंडंट कसं करावं

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे : "आजेसासूबाईंचा तन्मणी माझ्याकडे आला आहे. मोत्यांचे सर केव्हाच तुटलेत, सुटे मोती डबीत आहेत, पण मधलं हिऱ्यांचं खोड शाबूत आहे. सोबत सात हिऱ्यांची एक कुडी आहे, तिची जोडीची हरवली. मी साडी क्वचित नेसते. या दोन्हींचं असं पेंडंट होईल का, जे कुर्त्यावर, ऑफिसलाही घालता येईल? एका सराफांनी सांगितलं, हिरे जुन्या कटचे आहेत, चमक गेली आहे, मोडीत घाला. दुसरे म्हणाले, हिरे काढून नव्या कोंदणात बसवून देतो. मुलगी पुढच्या वर्षी परदेशी शिकायला जाणार आहे, यातलं एक तिला द्यावं असं मनात आहे."

ताई, दोघांचंही ऐकू नका. दोन्ही वस्तूंची पेंडंट होतात, देखणी होतात, आणि त्यासाठी एकही हिरा जागचा हलवावा लागत नाही. माझी अट एकच आहे. जुन्या कामाला आच लावायची नाही. नवं जे काही घडवायचं ते त्याच्या मागे, त्याच्याभोवती, वेगळं घडवायचं आणि पेचाने जोडायचं. उद्या तुमच्या सुनेला किंवा नातीला पुन्हा तन्मणी गाठवावासा वाटला तर पेच काढला की खोड जसंच्या तसं हातात आलं पाहिजे. मी ठाण्यात, नौपाड्यात जुन्या दागिन्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. ही अट मी माझ्या कारागिरांनाही मोडू देत नाही आणि गिऱ्हाइकांनाही.

आधी या दोन वस्तू नीट ओळखून घ्या. दोन्हींत हिरे आहेत एवढंच साम्य, घडण अगदी उलट असते. दागिना उलटा करून खिडकीच्या उजेडात धरा. मागून हिऱ्याचं टोक दिसलं, उजेड आरपार आला, तर कोंदण उघडं. मागे सलग सोनं किंवा मीनाकाम दिसलं तर कोंदण बंद. खोड जवळजवळ नेहमीच बंद असतं, कुडी बहुधा उघडी. पाण्याने धुवायचं की नाही, गरम करता येईल की नाही, रोज घालावं की सणासमारंभाला, हे सगळं या एका फरकावर ठरतं.

खोडाचं काम आतून कसं असतं ते सांगतो, कारण दुकानात ते कुणी समजावत नाही आणि नुकसान तिथेच होतं. प्रत्येक हिरा सोन्याच्या पत्र्याच्या छोट्या घरात बसलेला असतो. घराच्या तळाशी लाख भरलेली असते, तिच्यावर चांदीचा चकचकीत वर्ख आणि त्यावर हिरा. हा हिरा बहुतेक वेळा चपटा, पोलकी, ज्याला आजच्यासारखे खोल पैलू पाडलेले नसतात. त्यामुळे त्याची स्वतःची चमक कमी असते. मागचा वर्ख उजेड परत फेकतो म्हणून तो झळकतो. मग हिऱ्याच्या कडेने शुद्ध, २४ कॅरेट सोन्याची पातळ पट्टी पोलादी सळईने दाबत दाबत बसवतात. शुद्ध सोनं इतकं मऊ असतं की दाबाखाली थरावर थर चिकटत जातो, झाळावं, म्हणजे आच देऊन सांधावं लागत नाही. आग लागते ती घरं घडवताना आणि लाख मऊ करून भरताना. हिऱ्याभोवती सोनं बसवण्याचं काम हाताच्या दाबाचं असतं.

आता पाहा. लाख ७५-८० अंश सेल्सिअसला मऊ होते. सोनं झाळायला साधारण ७०० अंशांच्या वर जावं लागतं. खोडाच्या कडेला पेंडंटची कडी झाळून लावायची म्हटली की आतली लाख उकळून बाहेर येणार, वर्ख काळा पडणार आणि हिरे घरांत डुगडुगणार. झाळल्यावर सोनं साफ करायला तेजाबात घालतात, ते मीनाकामाला खातं. शिवाय पूर्वी गावोगावी दुरुस्त्या करताना कथील-शिसं वापरलेलं असायचं. मागे कुठे राखाडी, मंद ठिपका दिसला तर तो बहुतेक त्याचाच. तो भाग तापला की शिसं सोन्यात शिरतं आणि तिथे खड्डे पडतात, सोनं ठिसूळ होतं. लेझरच्या यंत्राची आच फार छोट्या जागेत राहते हे खरं, आणि उघड्या कोंदणांवर मी ते आनंदाने वापरतो. खोडावर मात्र तेही वापरत नाही.

तुमच्या सराफांनी 'चमक गेली' म्हटलं त्यात अर्धं तथ्य असू शकतं. कुणीतरी कधीतरी खोड पाण्यात धुतलं असेल, किंवा घाम झिरपला असेल. चांदीचा वर्ख काळवंडला की हिऱ्यातून तेच काळं दिसतं. हिरा होता तसाच असतो. चांगला जडिया, म्हणजे खडे जडवणारा कारागीर, एकाच घराची सोन्याची पट्टी उचलून, वर्ख बदलून, तोच हिरा पुन्हा बसवू शकतो. पण एखाद-दुसरा खडा पूर्ण काळा दिसत असेल तरच हे करा. सगळेच थोडे मंद दिसत असतील तर हात लावू नका. जुन्या कामातली ती मंद झाक मला तरी फार आवडते, आणि प्रत्येक उघडझापेत जुनी पट्टी थोडी झिजतेच.

घरी एक तपासणी करता येते. पंखा, टीव्ही बंद करून खोड कानाजवळ धरा आणि अगदी हळू हलवा. बारीक 'टक टक' ऐकू आली तर आतली लाख वाळून आकसली आहे आणि खडा सैल आहे. मग ते पेंडंट होण्याआधी जडियाकडे गेलं पाहिजे. आवाज नसेल तर निर्धास्त राहा. खोड पाण्यात, रिठ्याच्या पाण्यात, साबणात घालू नका. दुकानात 'मशीनमध्ये दोन मिनिटं टाकून देतो' म्हणतात, त्या अल्ट्रासॉनिकच्या टाकीला किंवा वाफेच्या फवाऱ्याला तर हातच लावू देऊ नका. कोरडा मऊ सुती कपडा पुरेसा.

पेंडंट करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आधी सांगतो, कारण पुष्कळांना त्याच्या पुढे जावंच लागत नाही. खोडाच्या दोन्ही बाजूंना सर ओवायच्या बारीक कड्या किंवा भोकं असतात. त्यांतूनच रेशमी गोफ घालून घ्या, मागे सरकगाठ. जांभळी नाक्याच्या बाजारात मंगळसूत्र, पोहेहार गाठवून देणारे बसतात, त्यांना समोर बसवून हे काम होतं. काळा, गडद मरून किंवा बाटलीचा हिरवा गोफ असला की खोड कुर्त्यावर, अगदी पांढऱ्या शर्टावरही शोभतं. धातूचं कामच नाही, त्यामुळे धोकाही नाही. असं काही महिने घालून बघा. तुम्हाला ते किती उंचीवर आवडतं, किती वेळा घालावंसं वाटतं हे कळल्यावरच सोन्याचा खर्च करा. रेशीम घामाने कुजतं, म्हणून वर्षातून एकदा गोफ बदलायचा.

सोन्याचीच साखळी हवी असेल तर चौकट करावी लागेल. खोडाच्या बाह्यरेषेपेक्षा किंचित आत बसणारी १८ कॅरेटची चौकट, म्हणजे समोरून ती दिसणार नाही. २२ कॅरेट सोनं रंगाने जुन्याशी जास्त जुळतं, पण चौकटीला आणि पेचाला ते मऊ पडतं. आटे लवकर झिजतात. १८ कॅरेटमध्येही पिवळा गडद रंग मिळतो, कारागिराला तसं सांगावं लागतं. मागे सलग पत्रा लावू देऊ नका, जाळी ठेवा. पत्र्याच्या आत घाम साचतो, शिवाय पाठीवर मीनाकाम असेल तर ते झाकलं जातं. ज्याने ते केलं त्याने कुणाला दिसणार नाही अशा जागी केलं होतं, ते तुमच्या मुलीला उलटून बघता आलं पाहिजे. चौकटीच्या दोन्ही टोकांना बारीक खुंट्या असतात. त्या खोडाच्या जुन्या कड्यांतून जातात आणि मागून पेच बसतो. खोडाच्या कडांवर नखं वळवून पकड घ्यायची पद्धतही आहे, पण ती वळवताना दाब थेट कोंदणावर येतो. कड्या शाबूत असताना ती कशाला?

माप घेताना सिलिकॉनचा ठसा घेऊ देऊ नका. ठसा ओढून काढताना सैल खडा त्याच्याबरोबर निघून येऊ शकतो. व्हर्नियरने मापं, कागदावर बाह्यरेषा आणि सरळ वरून काढलेला फोटो, एवढ्यावर काम होतं. त्यावरून आधी पितळेचा नमुना करून तो खोडाला लावून बघायचा. हातघडणीचं खोड कधीच दोन्ही बाजूंनी सारखं नसतं, डावी-उजवीकडे थोडा फरक असतोच. संगणकावर अर्धं काढून दुसरी बाजू आरशासारखी उलटवून केलेली चौकट म्हणूनच बसत नाही. मग कारागीर चौकट कानसायच्या ऐवजी खोड दाबून बसवायला बघतो. पितळेचा नमुना हे टाळतो.

लटकण्याचा प्रश्न राहतो, आणि पेंडंट कपाटात पडून राहतं ते बहुतेक यामुळेच. खोड आडवं असतं आणि पुढच्या बाजूला जड. मधोमध एकाच कडीवर टांगलं की ते पुढे झुकतं, हिरे जमिनीकडे बघतात, चालताना उलटं होतं. म्हणून दोन टोकांना दोन कड्या आणि साखळी दोन भागांत. कड्या अगदी मागच्या पातळीत न लावता वजनाचा मध्य जिथे येतो त्या पातळीत आणि त्याच्या वर लावायच्या. पितळेचा नमुना लावून, दोऱ्याने गळ्यात घालून, आरशासमोर दोन पावलं चाला, वाका, उभ्या राहा. तेव्हा जे दिसेल तेच पुढे दिसणार आहे.

कुडीचं काम मला त्याहून आनंदाचं वाटतं. सात हिऱ्यांची कुडी हे मुळातच पूर्ण फूल आहे, एकटंही गळ्यात तेवढंच शोभतं. लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे मागची दांडी कापतात. कापू नका. तिला आटे आहेत, तिची फिरकी आहे, आणि जुन्या हातघडणीच्या कुडीची फिरकी फक्त त्याच दांडीला बसते. तीच वापरायची. पेंडंटच्या मागच्या छोट्या चकतीला मधोमध नळी ठेवायची, दांडी त्यातून मागे काढायची आणि जुन्या फिरकीनेच आवळायची. फिरकीवर, अंगाला टोचू नये आणि फिरकी सैल होऊन पडू नये म्हणून घट्ट बसणारी छोटी टोपी. अडचण एकच येते. दांडी गोल असल्यामुळे फूल नळीत फिरतं आणि संध्याकाळपर्यंत तिरकं होतं. त्यावर चकतीच्या कडेला एक बारीकशी खुंटी उभी करायची, जी दोन पाकळ्यांच्या मागच्या खाचेत अडकेल. समोरून दिसत नाही, फूल जागचं हलत नाही. आणि उद्या हरवलेली कुडी एखाद्या जुन्या ट्रंकेत सापडली, तर ही काढून कानात घालता येईल. कडी मात्र पुरेशी मोठी ठेवा. साखळीचा हूक तिच्यातून जायला हवा, नाहीतर एकाच साखळीशी जन्माची गाठ पडते.

कुडी उघड्या कोंदणाची असेल तर आधी ती धुवा. हिऱ्याला तेल फार चिकटतं. खाणींमध्ये खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेले तक्ते वापरत, ते याच गुणामुळे : बाकीचे दगड पाण्याबरोबर वाहून जात, हिरे ग्रीसला चिकटून राहत. केसांचं तेल, पावडर, साबण यांचा वर्षानुवर्षांचा थर कुडीच्या मागे बसतो आणि उजेडाची वाटच बंद होते. वाटीत कोमट पाणी, भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश. बेसिनवर अजिबात नको, वाटीखाली ताट ठेवा आणि पाणी गाळल्याशिवाय फेकू नका. धुतल्यावर तीच कुडी त्या सराफांना पुन्हा दाखवा. त्याआधी भिंगातून हिरा धरून ठेवणारं प्रत्येक नख पाहून घ्या. धाग्याला अडकणारं नख झिजलेलं किंवा उचललेलं असतं. एखादं नख पुन्हा घडवायची वेळ आली तर ते लेझरने करून घ्या. बत्तीच्या आचेनेच करायचं म्हटलं तर हिऱ्यांना बोरिक आम्लाचा लेप हवाच. हवेत तेवढ्या तापमानाला हिऱ्याचा पृष्ठभाग जळून धुरकट होतो, आणि तो पुन्हा घासून घेण्यात वजन जातं.

'जुन्या कटचे' हे विशेषण तुम्हाला ज्या सुरात ऐकवलं गेलं त्याचं मला वाईट वाटतं. आज दुकानात दिसणारा गोल ब्रिलियंट कट मार्सेल टॉल्कोव्हस्की यांनी १९१९ मध्ये मांडलेल्या गणितावरून घडत गेला. त्याआधीचे हिरे कारागिराच्या नजरेने आणि हाताने घडत. त्यांचं वरचं सपाट तोंड लहान, डोकं उंच आणि खालचं टोक छाटलेलं असतं. दहापट भिंगातून सरळ वरून पाहा. अगदी मधोमध छोटं वर्तुळ दिसलं तर ते छाटलेलं टोक, आणि हिरा बहुधा जुन्या घडणीचा. या हिऱ्यांत बारीक चमचम कमी, पण रंगांचे मोठे मोठे झोत निघतात. समई, कंदील, मेणबत्ती यांच्या उजेडासाठी ते घडले. दुकानाच्या पांढऱ्या दिव्यांखाली ते नव्यासमोर फिके वाटतात, संध्याकाळी घरच्या पिवळ्या दिव्यात वाटत नाहीत. 'नवा कट मारून देतो' असं कुणी म्हटलं तर विचारा, वजन किती जाईल? सहज चौथा हिस्सा जातो, कधी त्याहून जास्त. कुडीतल्या लहान हिऱ्यांत तर उरेल ते बाजारात हवं तेवढं मिळतं. हातची जुनी घडण मात्र परत आणता येत नाही.

घरात या हिऱ्यांविषयी दोन गोष्टी सांगितल्या गेल्या असतील. एक, 'आमचे हिरे ब्लू जागर आहेत'. दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफोंटेन खाणीतल्या, निळसर झाक असलेल्या पांढऱ्या हिऱ्यांवरून ते नाव आपल्याकडे रुळलं. पुढे कुठल्याही चांगल्या निळसर हिऱ्याला लोक तेच म्हणू लागले. अतिनील दिव्याखाली निळे चमकणारे हिरे त्यात पुष्कळ असतात. प्रयोगशाळेच्या दाखल्यात ही चमक नोंदवतात, 'ब्लू जागर' अशी प्रत मात्र देत नाहीत. दुसरी, 'गोवळकोंड्याचे आहेत'. आफ्रिकेत १८६०च्या दशकाच्या अखेरीस हिरे सापडले आणि त्यानंतरच्या दागिन्यांत बहुतांश तेच आले. कुडी त्यानंतरची असेल तर हिरे आफ्रिकेचे असण्याची शक्यता जास्त. खोड त्याहून जुनं असेल तर हिरे भारतीय असूही शकतील, पण नुसत्या नजरेने कुणी तसं छातीठोक सांगत असेल आणि त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

खोडात माणकं असतील आणि कुणी ती 'खोटी' ठरवली तर लगेच खट्टू होऊ नका. व्हर्नोई यांची कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली, आणि पुढच्या काही दशकांत असे खडे चांगल्या चांगल्या दागिन्यांत सर्रास बसवले गेले. तो त्या काळाचा भाग आहे, बदलायचं कारण नाही. हिऱ्यांबाबत मात्र खात्री करून घ्या. जुन्या जडावात पांढरा पुखराज, झिरकॉन, काचही सापडते. मधल्या काळात एखादा खडा पडून बदललेलाही असतो. दुकानातला पेनासारखा टेस्टर उष्णतेवर चालतो. तो मॉयसॅनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यालाही हिरा म्हणतो आणि अगदी लहान खड्यांवर चुकतो. शंका आली तर मुंबईतल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत न्या. बसवलेल्या अवस्थेत प्रत सांगण्याला मर्यादा असते हे ते स्वतःच सांगतील, पण खडा हिरा आहे की नाही एवढं कळतं. नुसत्या दाखल्यासाठी हिरे काढू नका.

आता त्या डबीविषयी. तुम्ही मोत्यांचा उल्लेख ओझरता केलात, मला तर ती डबी आधी बघावीशी वाटते. जपानी संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले मोती बाजारात भरपूर यायला लागले ते १९२०-३०च्या दशकांत. त्याआधीचा तन्मणी असेल तर त्यातले मोती इराणी आखातातले नैसर्गिक, ज्यांना आपल्याकडे बसरा म्हणतात, ते असू शकतात. ते तसे निघाले तर त्यांची किंमत पोलकी हिऱ्यांपेक्षा जास्तही होऊ शकते. नैसर्गिक की संवर्धित हे क्ष-किरणांनी ठरतं, दातावर घासून नाही. तोवर एकही मोती फेकू नका, फुटका वाटला तरी. लिंबू, व्हिनेगर, सोनाराचं तेजाब यांच्या जवळ नेऊ नका, मोती विरघळतो. चांगले निवडून खोडाच्या गोफात दोन्ही बाजूंना चार-चार ओवलेत तर तन्मणीची आठवणही राहील आणि पेंडंटही खुलेल.

दागिना कारागिराच्या हाती देण्याआधीचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. शेजारी पट्टी ठेवून समोरून, मागून, बाजूने फोटो काढा. खडे मोजा, त्यांचा कागदावर नकाशा काढा. भिंगातून एखाद्या हिऱ्यात काळा ठिपका किंवा चीर दिसली तर ती खुणेची म्हणून नकाशात नोंदवा, परत घेताना तीच खूण शोधायची. वजन तुमच्यासमोर करून पावतीवर एकूण वजन, खड्यांची संख्या आणि 'जुन्या दागिन्याला आच देऊ नये, खडे काढू नयेत' हे वाक्य लिहून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावतो, आणि चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. राग येणाऱ्याकडे दागिना ठेवू नका.

मोडीचा हिशोबही समजून घ्या. खोड मोडीत घालताना एकूण वजनातून लाख, खडे, वर्ख सगळं वजा होतं आणि उरलेल्या थोड्या सोन्याचे पैसे मिळतात. चपट्या पोलकींना तर 'याचं काही येत नाही' म्हणतात. कुडीचे हिरे कॅरेटवर मोजतात, एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि दर लावताना जुन्या कटची घट काढतात. घरातल्या जुन्या चिठ्ठीवर वजन रतीत असेल तर ते थेट कॅरेट समजू नका, दोन मापं वेगळी आहेत. या उलट चौकटीला लागतं थोडं सोनं, घडणावळ आणि साखळी. तुमच्याकडे मोडलेली अंगठी, एकटं कर्णफूल असं पडून असेल तर सोनं त्यातलंच वापरा, मोड घालायचीच तर ती घाला.

हॉलमार्कची भीती घालून काही ठिकाणी जुनं सोनं मोडायला लावतात. घरातल्या जुन्या दागिन्याला हॉलमार्क नसला तरी तो बाळगायला, घालायला, दुरुस्त करायला कायद्याची आडकाठी नाही. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा हॉलमार्कचा ओळख क्रमांक लागतो तो सराफाने विकलेल्या नव्या दागिन्याला. कुंदन, पोलकी, जडाव आणि दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तू सक्तीतून वगळलेल्या आहेत. तुमची चौकट आणि साखळी सराफाकडून घेत असाल आणि दोन ग्रॅमच्या वर जात असेल तर त्यांचा हॉलमार्क जुन्या वस्तूला जोडण्याआधी, सुट्या असतानाच करून घ्या. कुडीच्या सोन्याचा कस १४ कॅरेट निघाला तरी फसवणूक समजू नका. सरकारच्या १९६३च्या सुवर्ण नियंत्रणात काही वर्षं त्याहून जास्त कसाचे दागिने घडवायला बंदी होती. कुडीची तारीख ठरवायला तो उलट धागा ठरू शकतो.

ठेवण्याबद्दल थोडंसंच. दोन्ही वेगवेगळ्या मऊ पिशव्यांत ठेवा, हिरा शेजारच्या सोन्यावर आणि मोत्यांवर ओरखडे पाडतो. कापसात गुंडाळू नका. ठाण्याच्या पावसाळ्यात कापूस ओल धरतो आणि खोडाच्या वर्खाला तेच नको असतं. सराफी गुलाबी कागद चालेल. रबरबँड नको. अत्तर, स्प्रे आधी मारायचा, पेंडंट नंतर.

ऑफिसला आणि लोकलमध्ये कुडीचं पेंडंट घाला, ते दमदार आहे, धुता येतं, झुकत नाही. खोड सणाला, लग्नाला, संध्याकाळच्या कार्यक्रमाला. दिवसभराचा घाम त्याला सोसत नाही, म्हणून ते रोजच्या वापरात आणायचा हट्ट मी तुमच्याजागी धरला नसता.

म्हणूनच मुलीला द्यायची ती कुडी द्या. दुसरंही कारण आहे. १९७२च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि खोडाच्या वयाबद्दल विमानतळावर वाद घालायची वेळ तिच्यावर यायला नको. कुडीच्या वयाबद्दलही शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुराणवस्तू नाही असं प्रमाणपत्र मिळतं, त्यांच्या मुंबई मंडळाकडे आधीच चौकशी करा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. निघताना विमानतळावर कस्टम्सच्या काउंटरवर कुडी दाखवून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यायला सांगा, म्हणजे सुट्टीत घालून परत येताना 'बाहेरून आणलं का' हा प्रश्न येत नाही. त्यासाठी मूल्यांकनाचा कागद, फोटो आणि वजन लागतं, ते तुम्ही कारागिराकडे देताना केलेलंच असेल. जुनी फिरकी आणि टोपी कशी काढायची-लावायची हे तिला जाण्याआधी दोन-तीनदा करून बघायला लावा, आणि फिरकी सैल झाली का हे आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा.